नव्या कोऱ्या गाडीवर कटर का चालवतात?

दादा, नमस्कार.

आम्ही सांगलीचे. मालकांचं शंभर फुटी रोडला डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. लग्नाआधीपासून ते याच धंद्यात आहेत. गेल्या पावसाळ्यात पेठ नाक्याजवळ नव्या गाड्या घेऊन जाणारा ट्रेलर रस्त्याकडेला उलटला. क्रेनवाला ओळखीचा, म्हणून हेही मदतीला गेले. घरी येऊन सांगत होते, दोन गाड्या चेपल्या होत्या, पण बाकीच्यांना नुसते ओरखडे, आणि एकीला तर तेवढंही नाही. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच. पुढे कळलं की कंपनीने त्या सगळ्याच गाड्या कापून भंगारात घातल्या. त्या दिवशी हे जेवले नाहीत. "मला दिल्या असत्या तर दोन-दोन दिवसांत एकेक उभी केली असती," एवढंच म्हणत होते. सासूबाई म्हणतात, हा पैशाचा माज आहे, विकायच्या नव्हत्या तर निम्म्या किमतीत गरिबाला द्यायच्या.

आता खरी अडचण. कोल्हापूरकडचा एक एजंट गॅरेजवर येतो. तो म्हणतो, "तशीच एक गाडी कटिंगमधून बाहेर काढलीय, तीन लाखांत देतो." शोरूमला ती नऊ लाखांच्या पुढे आहे. कागद नंतर करून देतो म्हणतो. ह्यांनी वीस हजार विसार देऊनही टाकलाय. बाकीच्या पैशांसाठी माझ्या पाटल्या पतसंस्थेत ठेवू म्हणतात. कॉलेजला जाणारा मुलगा बापाच्या बाजूने. मी नको म्हटलं की घरात अबोला. कंपन्या असं का करतात? आणि ही गाडी घ्यावी का?

एक वाचक, सांगली

ताई,

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला थांबायला वेळ नाही. गाडी घेऊ नका. पाटल्या कपाटातच राहू द्या. विसाराचं काय करायचं ते शेवटी लिहितो. पण मी नुसतं "नको" लिहिलं म्हणून घरातला अबोला सुटणार नाही. दाजींना पटायला हवं, आणि पटायचं तर कंपनी गाडी का कापते हे नीट समजायला हवं. म्हणून हे उत्तर दोघांनी मिळून वाचा, मुलालाही बसवा. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून सातारा-सांगली पट्ट्यात माझी बरीच वर्षं गेली. दाजींसारख्या कारागिरांच्या हाताची मला किंमत आहे. ज्याने जन्मभर चेपलेलं उभं केलं, त्याला धड गाडीवर कटर चाललेला कसा बघवेल? त्या दिवशी ते जेवले नाहीत यात मला काहीच नवल वाटत नाही.

पण दाजी ज्या प्रश्नाचं उत्तर देतायत, तो कंपनीपुढचा प्रश्न नाही. दाजी म्हणतात, गाडी दुरुस्त होईल. होईलच. कंपनीपुढे प्रश्न वेगळा असतो: "ही गाडी नवी आहे आणि सगळ्या नियमांत बसते" असं लिहून खाली सही करता येईल का?

ही सही म्हणजे काय ते सांगतो. शोरूममधून नवी गाडी घेतली की ती एमएच १० पासिंग होताना तिच्याबरोबर काही कागद आरटीओत जातात. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यांची यादी आहे. शोरूमने दिलेला फॉर्म २१, म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र. विम्याचा कागद. आणि फॉर्म २२. हा फॉर्म २२ गाडी बनवणाऱ्या कंपनीचा असतो. अमुक चेसिस नंबर आणि अमुक इंजिन नंबर असलेली ही गाडी प्रदूषणाच्या, सुट्या भागांच्या सुरक्षिततेच्या आणि रस्त्यावर चालण्यास योग्य असण्याच्या नियमांत बसते, असं कंपनी त्यात लिहून देते. मॉडेलची जाहिरात कितीही मोठी असो, हा कागद त्या एका गाडीपुरता असतो. तो नसेल तर नव्या गाडीला नंबर मिळत नाही. आपण शोरूमला नऊ लाख मोजतो ते पत्रा, काच आणि टायरचे तर आहेतच, पण या सहीचेही आहेत.

कारखान्याच्या लाइनवर असेपर्यंत कंपनीला गाडीची कुंडली पाठ असते. कुठला बोल्ट किती ताकदीने आवळला, कुठे किती वेल्ड बसले, सगळं नोंदलेलं. ट्रेलर उलटला की ही नोंद तिथे तुटते. गाडी किती उंचीवरून पडली, कुठल्या कोपऱ्यावर पडली, वरच्या गाडीचा भार तिच्यावर किती वेळ होता, साखळीने ओढताना कुठे ताण आला, हे कोणी सांगू शकत नाही. दाजींनी बाहेरून ओरखडे बघितले. आत काय झालं ते त्यांनी बघितलं नाही, आणि कंपनीलाही गाडीची हाडं सुटी केल्याशिवाय दिसत नाही.

दाजींना आता त्यांच्याच कामातली एक गोष्ट सांगतो. पूर्वीच्या गाडीचा पत्रा मऊ असायचा. गॅस मारा, हातोडी आणि डॉली लावा, वर लांबी भरा, घासून रंग मारा, काम झालं. आजच्या गाडीत दोन दरवाजांमधला पिलर, दरवाजाच्या आतली आडवी दांडी, पुढचे मेंबर (सांगाड्यातले भार पेलणारे दांडे) असे काही भाग वेगळ्याच पोलादाचे असतात. बोरॉन मिसळलेली ती पट्टी कारखान्यात ९०० अंशांच्या वर तापवतात, साच्यात दाबतात आणि साच्यातच झटकन थंड करतात. तिची सगळी ताकद त्या थंड करण्यात असते. तिलाच बाहेर गॅस लावला की पट्टी दिसायला सरळ होते, पण ताकद निघून जाते. पुढच्या धडकेत ती वाकायला नको तिथे वाकते किंवा फाटते. म्हणूनच अशा भागांबाबत कंपन्यांच्या दुरुस्ती पुस्तिका सांगतात की सरळ करू नका, बदला. भारतात ऑक्टोबर २०१९पासून सगळ्या नव्या गाड्यांना समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी बंधनकारक आहे. त्या चाचणीत जी गाडी आपटली, तिच्या पिलरला कोणी गॅस मारलेला नव्हता. दाजींनी उभी केलेली गाडी आणि चाचणीत पास झालेली गाडी रंगाने, फिटिंगने हुबेहूब सारखी दिसतील. धडकेत त्या सारख्या वागतील, असं लिहून कोण देणार?

आता त्या बिनओरखड्याच्या गाडीकडे येऊ, कारण तुमच्या घरचा खरा राग तिच्यावरून आहे.

२००६च्या जुलैमध्ये जपानहून अमेरिकेकडे निघालेलं 'कुगर एस' नावाचं जहाज अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या दक्षिणेला, पोटातलं तोल सांभाळायचं पाणी बदलताना एका बाजूला कलंडलं. कलंडलं म्हणजे साठ अंश. आत माझदा कंपनीच्या ४,७०३ नव्या गाड्या पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या. जहाज बुडालं नाही. ते ओढत आणून पुन्हा सरळ करायला आठवडेच्या आठवडे गेले, आणि तेवढा काळ गाड्या तशाच तिरक्या लटकत राहिल्या. बाहेर काढल्या तेव्हा बहुतेक गाड्यांना काहीही झालेलं नव्हतं. तरी माझदाने सगळ्या नष्ट केल्या. इतके दिवस तिरकी राहिलेली बॅटरी, तिच्यातून ओघळलेलं ॲसिड, नको तिथे शिरलेलं ऑइल, ताण आलेल्या पट्ट्या आणि सांधे, यांचा परिणाम कधी आणि कुठे दिसेल हे कोणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. शिकवायला द्या म्हणून शाळांनी मागितल्या, सिनेमात आपटायला द्या म्हणून सिनेमावाल्यांनी मागितल्या. कंपनीने कोणालाच दिल्या नाहीत. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड बंदरावर एकेका गाडीच्या एअरबॅग वीज देऊन फोडल्या, चाकांची डिस्क आणि टायर निकामी केले, आणि मग सांगाडे तुकडे करणाऱ्या यंत्रात घातले. माल सुमारे दहा कोटी डॉलरचा होता.

हे वाचून दाजींना आणखीच त्रास होईल. पण "सुक्या" दिसणाऱ्या गाडीने पुढे काय केलं, याचंही एक उदाहरण आहे. २०१२च्या ऑक्टोबरअखेर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सँडी वादळ आलं. न्यू जर्सीतल्या नेवार्क बंदरावर फिस्कर कंपनीच्या कर्मा नावाच्या नव्या महागड्या गाड्या उभ्या होत्या. समुद्राचं पाणी त्यांच्यावर चढलं. त्यानंतर त्यातल्या सोळा गाड्या उभ्या जागी पेटल्या. चौकशीत कारण निघालं ते एका छोट्या कंट्रोल युनिटमध्ये राहिलेलं मीठ. त्या खारात शॉर्टसर्किट झालं आणि वाऱ्याने आग पुढच्या गाड्यांवर नेली. मोठी बॅटरी नाही, साध्या बारा व्होल्टच्या बाजूचा डबा.

आपल्या कृष्णेचं पाणी खारं नाही, हे मान्य. पण २०१९ सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलावर धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. त्या पुरानंतर मी गाड्यांचे सर्व्हे केले. एका गाडीची सीट उन्हात वाळवून, गालिचा धुऊन, अत्तर मारून ठेवलेली होती. इंजिन चालू होत होतं, एसी गार हवा देत होता. मी ड्रायव्हरच्या पायाजवळचं आवरण काढायला लावलं आणि वायरिंगचा एक सॉकेट सोडवला. आतल्या पितळी पिना हिरव्या पडलेल्या, आणि पिनांच्या मध्ये वाळलेल्या गाळाची पूड. बोटाने नुसतं पुसलं तर एक पीन तुटून हातात आली. ती वायर एअरबॅगच्या कंट्रोलकडे जाणारी होती. मालक मला सांगत होता, "सायेब, गाडी एक नंबर चालती." खरंच चालत होती. त्यातल्या कित्येक गाड्या पुढे धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यांत विकल्या गेल्या. घेणाऱ्याला पूर माहीतच नव्हता.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. निम्म्या किमतीत, सांगून-सवरून का विकत नाहीत? पहिल्या गिऱ्हाइकाला सांगून विकता येईल. तो दोन वर्षांनी दुसऱ्याला विकेल, तेव्हा अर्धं सांगेल. तिसऱ्याला कोणीच काही सांगणार नाही. गाडीवर कंपनीचं नाव मात्र तेच राहील. आणि गरिबाला द्या म्हणतात, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या खिशात पैसे कमी, त्याच्या लेकराबाळांनी कमी भरवशाच्या गाडीत बसावं, हे मला मान्य नाही. स्वस्त गाडी देणं हा उपकार असेल, संशयातली गाडी स्वस्तात देणं हा उपकार नाही.

दाजी म्हणतील, बरं, पिलर राहू दे, जिथे नुसता रंग गेलाय तिथे तरी? तर तिथे कंपन्या दुरुस्ती करतात. वाहतुकीत झालेले किरकोळ ओरखडे, एखादा बंपर, आरसा, हे यार्डात नीट केलं जातं. पण त्यातूनही केवढं रामायण घडलं ते बघा. १९९०मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका डॉक्टरने नवी बीएमडब्ल्यू घेतली, चाळीस हजार डॉलरच्या वर किंमत मोजून. काही महिन्यांनी पॉलिश करणाऱ्याच्या नजरेला आलं की काही भागांवर दुसऱ्यांदा रंग बसलाय. येताना वाटेत रंग खराब झाला होता, आणि कंपनीने सुमारे सहाशे डॉलर खर्चून तो नव्याने मारला होता. दुरुस्ती किमतीच्या तीन टक्क्यांच्या आत असेल तर कोणाला न सांगता नवी म्हणून विकायची, असं कंपनीचं धोरणच होतं. डॉक्टर कोर्टात गेले. ज्यूरीने भरपाई दिली चार हजार डॉलर, आणि शिक्षा म्हणून वर चाळीस लाख. खटला थेट त्यांच्या सुप्रीम कोर्टात गेला. १९९६मध्ये तिथे दंडाची रक्कम अवाजवी ठरली आणि शेवटी पन्नास हजारांवर आली. पण ज्यूरीच्या निकालानंतर कंपनीने धोरण बदललं: दुरुस्ती कितीही लहान असो, सांगायचीच. विचार करा, नुसत्या रंगावरून एवढं. ट्रेलरवरून पडलेली गाडी नवी म्हणून विकली आणि पुढे खंबाटकीच्या उतारावर तिचा ब्रेक किंवा एअरबॅग वेळेला चालली नाही, तर त्या घराला कंपनी काय तोंड दाखवणार? आपल्याकडेही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर टाकणारं स्वतंत्र प्रकरण आहे.

उलट बाजूचं उदाहरणही देतो. फोक्सवॅगन कंपनी नवं मॉडेल आणण्याआधी तपासणीसाठी काही गाड्या बनवते. त्यांत ठरलेल्या बांधणीपेक्षा काय-काय वेगळं आहे याची पूर्ण नोंद नसते, म्हणून काम झालं की त्या मोडीत काढायच्या. २००६ ते २०१८ या काळात अशा सुमारे ६,७०० गाड्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. २०१८ संपताना हे बाहेर आलं, आणि कंपनीवर त्या माघारी विकत घेण्याची वेळ आली. गाड्या चालत होत्या, गिऱ्हाईकं खूष होती. खोट फक्त एवढीच होती की त्या नेमक्या कशा आहेत हे लिहून देता येत नव्हतं.

तुमच्या माहेरी किंवा शेजारीपाजारी कोणी तासगावकडचं द्राक्षबागायतदार असेल तर त्याला २०१० विचारा. त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या वर निघाला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. द्राक्षं गोड होती, टपोरी होती, आपण घरी बिनघोर खाल्ली असती. पण प्लॉट नंबर आणि प्रयोगशाळेचा दाखला यांच्या जोरावर जो माल विकला जातो, तो दाखला गेला की त्याचा भाव जातो.

आता पैशाची बाजू. कंपनी हे सगळं काही निव्वळ लोककल्याणासाठी करत नाही. वाहतुकीतल्या मालाचा विमा असतो. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, बघून जातो, टोटल लॉस (गाडी पूर्ण वाया गेली असं) ठरला की विमा कंपनी पैसे देते, आणि मागे उरलेल्या सांगाड्यावर, आम्ही ज्याला सॅल्व्हेज म्हणतो त्यावर, तिचा हक्क येतो. गाडी बनवणाऱ्याला भीती असते की तो सांगाडा बाजारात जाईल, कोणीतरी उभा करेल आणि आपल्या नावावर फिरवेल. विमा कंपनीला भीती असते की पैसे दिलेल्या गाडीचेच सुटे भाग मागच्या दाराने विकले जातील. दोघांची भीती एकाच ठिकाणी मिटते: गाडी कापा, चेसिस नंबरचा तुकडा कापतानाचे फोटो काढा, नष्ट केल्याचा दाखला फाइलला लावा. शिवाय निम्म्या किमतीच्या गाड्या बाजारात आल्या तर पूर्ण किमतीच्या कोण घेणार, हाही हिशेब असतोच. लोकांना वाटतं की गाडी कापून कंपनी कर वाचवते. पण जीएसटीच्या कलम १७(५)प्रमाणे नष्ट केलेल्या मालावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि फुकट वाटलेल्या मालावरही मिळत नाही.

एका बाबतीत मात्र मी दाजींच्या बाजूचा आहे. धड टायर फाडणं, धड सीटवर सुरी चालवणं, धड काच फोडणं मला पटत नाही. पोलाद वितळून पुन्हा कामाला येतं हे खरं, पण टायरचं तसं होत नाही. ज्याचा जिवाशी संबंध नाही असे भाग नोंद ठेवून, शिक्का मारून वेगळे काढता येतील. आणि इंजिनं, गिअरबॉक्स, कापून आतून उघडे केलेले सांगाडे आयटीआयला द्यायला हवेत. काही कंपन्या प्रशिक्षणासाठी गाड्या देतात, पण कमी देतात. आपल्या आयटीआयत मोटर मेकॅनिकची पोरं जुन्या इंजिनांवर शिकतात आणि बाहेर पडल्यावर थेट सेन्सरने भरलेली गाडी त्यांच्या पुढ्यात येते, हे मला खटकतं. कंपन्यांची धास्तीही खोटी नाही. क्रायस्लरने अमेरिकेतल्या कॉलेजांना शिकवण्यासाठी दिलेल्या व्हायपर नावाच्या स्पोर्ट्स गाड्या २०१४मध्ये मोडीत काढायला सांगितल्या, तेव्हा मुलं-मास्तर हळहळले. पण अट पहिल्यापासून लेखी होती की ही गाडी रस्त्यावर जाणार नाही. अशी अट घालून, नंबर आधीच कापून गाड्या देता येतात. दाजींनी हा राग आयटीआयच्या प्राचार्यांकडे न्यावा, तुमच्या आमदारांकडे न्यावा. गॅरेजवाल्यांच्या संघटनेने कंपनीला पत्र लिहावं. मी स्वतः त्या पत्राचा मसुदा करून द्यायला तयार आहे.

आणि आता तो एजंट.

त्याची गाडी कुठून आली असेल? खरोखर कटिंगच्या यार्डातून काढली असेल तर ती चोरीची आहे, कारण तिच्यावर विमा कंपनीचा किंवा गाडी कंपनीचा हक्क आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं. "कटिंगमधून काढलीय" हे त्याने आधीच सांगितलंय, म्हणजे माहीत नव्हतं असंही तुम्हाला म्हणता येणार नाही. दुसरी शक्यता, गाडी दुसरीकडून चोरलेली आणि तिच्यावर टोटल लॉस झालेल्या गाडीचा नंबर ठोकलेला. "कागद नंतर करून देतो" म्हणतात ते बहुतेक असेच कागद असतात. यातलं काहीही असो, फॉर्म २२ त्याच्याकडे नाही आणि येणार नाही. म्हणजे रजिस्ट्रेशन नाही. रजिस्ट्रेशन नाही म्हणून धड विमा नाही. उद्या मुलगा गाडी घेऊन मिरजेला गेला आणि रस्त्यात कोणाला धक्का लागला, तर अपघात न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती तुमच्या घरातून, गॅरेजमधून द्यावी लागेल. तिथे तीन लाखांत भागत नाही.

दाजींना खात्रीच करायची असेल तर त्यांनी एकच गोष्ट बघावी. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि काही सेकंदांत विझतो. तो लागलाच नाही, किंवा विझलाच नाही, तर आत काहीतरी केलेलं आहे. नष्ट करायला काढलेल्या गाडीच्या एअरबॅग बहुतेक वेळा आधीच फोडलेल्या असतात. पुढे कोणीतरी स्टिअरिंगवर नवं झाकण बसवतं आणि दिव्याची वायर दुसरीकडे जोडतं. चेसिस नंबरच्या जागी ग्राइंडरचे ओरखडे आणि त्यावर ताजा रंग दाजींना माझ्याआधी दिसेल.

घरात गाडी हवीच असेल तर तीन लाखांत चांगली जुनी गाडी मिळते, आरसीसकट. एम-परिवहनवर नंबर टाकून बघा, बँकेचा बोजा उतरलाय का बघा, विमा कंपनीकडे आधीच्या क्लेमची चौकशी करा. पुढचं काम दाजींचं. कुठला फेंडर बदललाय, कुठे लांबी भरलीय, कुठला पिलर उघडलाय हे बोटाने ठोकून सांगणारा माणूस घरात असणं ही चैन प्रत्येकाला मिळत नाही. त्यासाठी बाकीचे लोक पैसे देतात.

आता विसार. दाजींनी एजंटला मोबाइलवर लेखी निरोप पाठवावा: "गाडीसाठी अमुक तारखेला वीस हजार दिलेत. फॉर्म २१, फॉर्म २२ आणि बिल दाखवा, नाहीतर पैसे परत करा." भांडू नये, धमकी देऊ नये. पैसे रोख दिले असतील तर त्याच्या उत्तरात पैसे मिळाल्याची कबुली येते का बघा, आणि तो संवाद पुसू नका. ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद छापून ठेवा. आठवडाभर वाट बघा. नाही दिले तर हा निरोप घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि जाताना वकिलाला बरोबर घ्या. वीस हजार बुडाले तरी चालतील, पण "निदान दोन दिवस रंगाला तरी ठेवून घ्या" म्हणून त्याने गाडी गॅरेजवर आणून लावली, तर आत घेऊ नका. गाडी ज्याच्या शेडमध्ये सापडते, पोलिसांचे पहिले प्रश्न त्यालाच असतात. दाजी बाहेर गेलेले असताना पोरांनी गेट उघडू नये, हेही त्यांना आजच सांगून ठेवा.

तुमचा,
दादा